माशांच्या इम्यून रिसेप्टर जीन्सवर काम करताय? मग या चुका टाळा

माशाला एलपीएस (बॅक्टेरियाच्या बाहेरच्या आवरणातला घटक) टोचायचं, टीएलआर४ (सस्तन प्राण्यांत एलपीएस ओळखणारा इम्यून रिसेप्टर) मोजायचं आणि ग्राफ जरा वर गेला की लगेच निष्कर्ष लिहायला घ्यायचा, हे आता खरंच बघवत नाही. अहो, फुगू माशाच्या जिनोममध्ये टीएलआर४ नाहीच! झेब्राफिशमध्ये आहे, पण तो एलपीएसला सस्तन प्राण्यांसारखा ओळखत नाही हे २००९ मध्येच समोर आलंय. त्यात साधं एलपीएस घेतलं तर त्यात लिपोप्रोटीनची भेसळ असते, मग प्रतिसाद नक्की कशाला मिळाला ते कसं सांगणार? मी आधी जिनोम उघडतो, जीन आहे का, शेजारी कोणते जीन्स आहेत ते बघतो आणि मगच प्रायमरकडे (जीन मोजायला लागणारे डीएनएचे छोटे तुकडे) वळतो. एक दुपार जाते, जाऊ दे.

दुसरी चूक माझ्या डोक्यात जाते ती म्हणजे जुळ्या जीन्सची सरमिसळ. टेलिऑस्ट माशांच्या पूर्वजात अख्खा जिनोम दुप्पट झाला, सॅल्मन-ट्राउटच्या घराण्यात तर नंतर आणखी एकदा, त्यामुळे एका नावाखाली दोन-तीन प्रती सहज असतात. आमच्याकडे एक विद्यार्थी ट्राउटमध्ये टीएलआर५ (बॅक्टेरियाच्या शेपटीतलं फ्लॅजेलिन हे प्रथिन ओळखणारा रिसेप्टर) मोजत होता, हुशार पण भयंकर घाईत, जुन्या पेपरमधले प्रायमर उचलले आणि सुटला. लिव्हरमध्ये आकडे भरमसाट, हेड किडनीत (माशाच्या मूत्रपिंडाचा पुढचा, रक्तपेशी बनवणारा भाग) वेगळंच चित्र, मेल्ट कर्व्हला (पीसीआरचं प्रॉडक्ट तापवून काढलेला आलेख) बारीकसा खांदा होता पण जेलवर बँड एकच म्हणून त्याने तिकडे लक्षच दिलं नाही. शेवटी प्रॉडक्ट क्लोन करून सिक्वेन्स केलं तर दोन जीन्स निघाले, एक पेशीच्या पडद्यावरचा आणि दुसरा विरघळणारा टीएलआर५एस, जो फ्लॅजेलिन दिलं की लिव्हरमध्ये जोरात वाढतो. प्रायमर बसले होते एलआरआर भागात, म्हणजे रिसेप्टरच्या ओळखणाऱ्या भागात, आणि तो दोघांतही आहे. टीआयआर डोमेन, म्हणजे पेशीच्या आत संदेश देणारा भाग, मात्र विरघळणाऱ्यात नसतो, म्हणून पडद्यावरचा हवा असेल तर मी प्रायमर तिथेच टाकतो आणि प्रत्येक नवीन जोडीचं प्रॉडक्ट एकदा तरी सिक्वेन्स करतोच. मेल्ट कर्व्ह पुरे झाला असं म्हणणाऱ्यांशी माझं कधीच पटलं नाही.

बाकीच्या पटापट सांगतो. बीटा-अ‍ॅक्टिन एकटा रेफरन्स (तुलनेसाठी स्थिर मानलेला जीन) म्हणून घेऊ नका, इन्फेक्शनमध्ये तोही हलू शकतो, निदान दोन घ्या. बऱ्याच टीएलआरचा कोडिंग भाग जवळजवळ एकाच एक्सॉनमध्ये असतो, तिथे एक्सॉनच्या सांध्यावर प्रायमर बसवता येत नाही, म्हणून डीएनेज (नमुन्यात उरलेला जिनोमचा डीएनए तोडणारं एन्झाइम) आणि नो-आरटी कंट्रोल (आरएनएचं डीएनए न करता चालवलेला नमुना) टाळू नका.

चॅनेल कॅटफिशमध्ये आयजीटी (माशांमधला अँटीबॉडीचा एक प्रकार) शोधत बसू नका, तो तिथे नाही. अटलांटिक कॉडने तर एमएचसी-२ आणि सीडी४ (टी-पेशींना जंतूंचे तुकडे दाखवण्याच्या यंत्रणेतले जीन्स) दोन्ही गमावलेत, २०११ मध्ये त्याचा जिनोम आला तेव्हा हे कळलं, त्यामुळे "सगळ्या माशांत असतंच" हे वाक्य प्रस्तावनेतून आधी काढा.

आणि टाकीचं तापमान नोंदवा. थंड पाण्यात माशाचा प्रतिसाद, विशेषतः अँटीबॉडीचा, बराच मंदावतो, मग दोन बॅच वेगळ्या तापमानाला ठेवल्या असतील तर त्यांची तुलना करता येत नाही, आणि ही गोष्ट कुठलंही सॉफ्टवेअर नंतर दुरुस्त करून देत नाही.