केअरटेकर मावशी ठेवताय? आधी घरच्यांशी बोला

पगार, ड्युटीचे तास, आठवड्याची सुट्टी, कामं कोणती आणि कोणती नाही, हे पहिल्याच दिवशी कागदावर लिहा. मी व्हीलचेअर वापरते, ऐरोलीत राहते, ब्युरोतून आणि ओळखीतून बऱ्याच मावश्या आल्या नि गेल्या, आणि "तिला घरच्यासारखं वागवा" हा सल्ला ऐकला की माझं डोकंच फिरतं. घरच्यासारखं म्हणता म्हणता तिची सुट्टी बुडते, ड्युटी लांबते आणि पाहुण्यांची भांडीही तिच्याच गळ्यात पडतात. ती नोकरीला आलीय, तेवढं लक्षात ठेवा.

खरं अवघड आहे ते पहिले आठ-दहा दिवस. मावशी खोलीत येते, मी समोर बसलेली असते, आणि ती आईला विचारते, "ताईंना चहा देऊ का?" आई मायेनेच उत्तर देते, पण एकदा ही सवय लागली की तुमची अंघोळ, तुमचं जेवण, झोपायची वेळ, सगळं स्वयंपाकघरात ठरायला लागतं. हे मोडताना मला फार त्रास झाला, आई दुखावली, मावशीला कळेना ऐकायचं कोणाचं. शेवटी एकच गोष्ट कामी आली, आईने दर वेळी फक्त "तिलाच विचारा" एवढंच म्हणायचं, उत्तर माहीत असलं तरी.

उचलताना तर सूचना नक्कीच माझ्याच. पहिल्या दिवसापासून बेडवरून खुर्चीत जाताना मीच बोलते, ब्रेक लाव, फूटरेस्ट वर घे, हात इथे धर, मी तीन म्हटलं की उचल. न सांगता अंगाला हात लावायचा नाही, दंडाला धरून ओढायचं तर अजिबात नाही, खांद्याला इजा होते. त्या वेळी घरच्यांनी बाहेर थांबा प्लीज, दोन बाजूंनी दोन सूचना आल्या की माणूस पडतो.

बोलता येत नसेल तर हो-नाहीची खूण, डोळ्यांची किंवा चित्रांच्या तक्त्याची, जी असेल ती मावशीला आधी शिकवा, आणि उत्तर येईपर्यंत थांबायलाही शिकवा. घाईत सगळे आईकडे बघतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मर्यादित पालकत्वसुद्धा, म्हणजे ठरावीक निर्णयापुरता नेमलेला पालक, एकमेकांच्या विश्वासावर, मिळून निर्णय घेण्याचं आहे, मग चहाचं काय घेऊन बसलात!

अपवाद फक्त इमर्जन्सीचा, आणि तोही आधीच ठरवा. पाठीच्या कण्याला छातीच्या वरच्या भागात किंवा मानेत इजा असेल तर लघवीची नळी नुसती दुमडली तरी बीपी एकदम चढू शकतं, डोकं ठणकतं. अशा वेळी लगेच सरळ बसवायचं, नळी बघायची, घरच्यांना हाक मारायची, आराम पडला नाही तर १०८.

रात्री कूस बदलायच्या वेळा भिंतीवर लावा.

तक्रार असेल तर तिच्याशीच बोला, त्याच दिवशी, पाहुण्यांसमोर नको आणि आधी ब्युरोला फोन तर नकोच. तिलाही विचारा, तुम्हाला काय जड जातंय. आमची मावशी दिव्याहून ठाण्याला येते, तिथून ऐरोलीसाठी ट्रान्सहार्बर लोकल पकडते, रविवारी मेगाब्लॉक असला की उशीर होणारच, म्हणून मी तिला शनिवारीच विचारून ठेवते. आणि बदलीची मावशी सुट्टीच्या आधी एकदा बोलवून तिच्याकडूनही ट्रान्स्फर, म्हणजे बेडवरून खुर्चीत नेणं, करून घ्या, नाहीतर पहिल्या मावशीला सुट्टी देताना सगळ्या घराचाच जीव वरखाली होतो.