शिकागोकडे गुलाब लावताय? आधी डोळा मातीत गाडा

दर मे महिन्यात कुणाचा तरी फोन येतो. "ताई, गुलाबाला पालवीच नाही. काड्या काळ्या पडल्यात." मी एकच विचारते, ऑक्टोबरात छाटला होता का? पलीकडे शांतता.

आपल्याकडे पाऊस ओसरला की ऑक्टोबरात छाटणी, आणि डिसेंबरात फुलंच फुलं. मी नाशिकची. मुघलांच्या काळात आमच्या गावाचं नाव गुलशनाबाद होतं. त्यामुळे गुलाबातलं आपल्याला सगळं कळतं अशी घमेंड घेऊनच मी २००४ साली शिकागोजवळच्या नेपरव्हिलला उतरले. इथे ऑक्टोबरात कात्री लावली की झाड कोवळे फुटवे काढतं आणि पहिल्या कडक थंडीत ते करपतात. इथली छाटणी एप्रिलमध्ये, शेजारच्या कुंपणावर फोर्सिथिया या झुडपाची पिवळी फुलं उमलली की. तारीख बघू नका, फोर्सिथिया बघा. आणि खत १५ ऑगस्टनंतर बंद. झेंडावंदन झालं की खताची पिशवी कपाटात, असं लक्षात ठेवा.

आता माझी महागातली चूक. ही मी सगळ्यांना सांगते, दोनदा सांगते, आणि लोक दोनदा विसरतात.

दुसऱ्या वर्षी मी बारा हायब्रिड टी गुलाब आणले. खत-माती धरून चारशे डॉलर गेले. सगळी डोळा भरलेली कलमं, म्हणजे एका गुलाबाच्या मुळावर हव्या त्या गुलाबाचा डोळा बसवलेला. नाशिकला बाबा लावायचे तशीच लावली, डोळ्याची गाठ मातीच्या वर चार बोटं, पाणी साचून कुजू नये म्हणून. तिकडे ते बरोबरच आहे. इथे त्या हिवाळ्यात वरचं कलम गाठीसकट मेलं. पण एप्रिलमध्ये नऊ झाडं जोमात फुटली! मी आईला फोटो पाठवले, भिशीत सगळ्यांना सांगितलं. जूनमध्ये नऊच्या नऊ झाडांना सारखीच गडद लाल, विरळ पाकळ्यांची फुलं आली, दोन-तीन आठवड्यांत संपली, आणि पुढे वर्षभर काही नाही. पिवळा नाही, केशरी नाही. तो खुंट होता, कलमाखालचा मुळाचा गुलाब. त्याचं नाव 'डॉक्टर ह्युई', फिलाडेल्फियाच्या कॅप्टन थॉमस यांचा, १९२० च्या सुमारास बाजारात आलेला. अमेरिकेत बरीचशी कलमं अजून त्याच्यावरच बांधतात. कुणाच्या अंगणात जूनमध्ये एकदाच फुलणारा गडद लाल गुलाब दिसला, तर आत माझ्यासारखंच कुणीतरी राहतं असं समजा.

म्हणून इथे डोळ्याची गाठ जमिनीखाली तीन-चार इंच गाडायची. गाडायची म्हणजे गाडायचीच. त्याहून बरं म्हणजे ओन-रूट झाड घ्या, स्वतःच्या मुळावर वाढलेलं. ते वरून पार मेलं तरी खालून तोच गुलाब फुटतो. पहिली दोन वर्षं काडीपैलवान दिसतं, धीर धरा. लेबलवर 'ओन-रूट' लिहिलेलं नसेल तर विचारा. विक्रेत्याने खांदे उडवले तर पुढे चला.

कुठला गुलाब घ्यायचा? आपले लोक फोटो बघून घेतात. मोठं फूल, लांब दांडा, व्हॅलेंटाइनचा. तुम्ही फूल बघू नका, तो गुलाब कुणी आणि कुठल्या मातीत घडवला ते बघा. माझा पहिला माणूस ग्रिफिथ बक. आयोवा स्टेट विद्यापीठात, एम्सला, त्यांनी गुलाब घडवले. एम्स आपल्या पश्चिमेला, जवळपास आपल्याच अक्षांशावर. तोच हिवाळा, तोच बोचरा वारा. त्यांनी रोपांवर फवारणी केली नाही, हिवाळ्यात पांघरूण घातलं नाही. जगली ती ठेवली. शाळेत असताना ते स्पेनच्या पेद्रो दोत या गुलाबवाल्यांशी पत्रव्यवहार करायचे, तिथून हा नाद लागला. त्यांचा 'केअरफ्री ब्यूटी', १९७७ चा, गुलाबी, माझ्या पुढच्या दारी आहे. ३० जानेवारी २०१९ ला शिकागोच्या ओहेअर विमानतळावर उणे २३ फॅरनहाइट झालं होतं, म्हणजे जवळपास उणे ३१ सेल्सियस. जमिनीलगत काळा पडला, मेमध्ये परत उभा.

वेल हवा असेल तर कॅनडाचे एक्सप्लोरर गुलाब. व्हिएन्नाहून कॅनडात आलेल्या फेलिसितास स्वेज्दा यांनी ऑटावाच्या सरकारी केंद्रात ते घडवले. 'जॉन कॅबट', 'विल्यम बॅफिन'. बॅफिन लावाल तर कमान लोखंडी घ्या, लाकडी हलकी कमान तो आडवी करतो.

'नॉक आउट' गुलाबाबद्दल विचारूच नका, विचारताच तुम्ही! मिलवॉकीकडचे बिल रॅडलर, काळ्या ठिपक्यांच्या रोगाला दाद न देणारं झाड हवं म्हणून रोगट पानांची पूड मुद्दाम रोपांवर टाकायचे. २००० साली झाड बाजारात आलं आणि आता प्रत्येक बँकेच्या पार्किंगमध्ये आहे. गुणी झाड आहे. पण वास जवळजवळ नाही. देवाला वाहताना मला ते प्लॅस्टिकचं फूल वाहिल्यासारखं वाटतं. हे माझं मत, आमच्या मंडळातल्या अर्ध्या लोकांना पटत नाही.

डेव्हिड ऑस्टिनचे इंग्लिश गुलाब सुंदर, पण मला इथे काळ्या ठिपक्यांनी दमवलं. जर्मनीच्या कॉर्डेस घराण्याने मात्र १९९० च्या सुमारास चाचणीच्या शेतात बुरशीनाशक मारणं थांबवलं, त्यांचे नंतरचे गुलाब निरोगी असतात.

पूजेला आणि गुलकंदाला 'हान्सा'. रुगोसा जातीचा, १९०५ चा, जांभळट, लवंगेसारखा वास. थंडीचं त्याला काहीच नाही. आपल्या चिकणमातीत चुना जास्त, म्हणून पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसायला लागतात. कंपोस्ट भरपूर घाला. 'तेरेझ ब्यूने' पण छान. तो फ्रान्सहून अल्बर्टात येऊन शेती करणाऱ्या जॉर्ज ब्यूने यांनी घडवला. गुलकंद करणार असाल तर त्या झाडाला मुळातून शोषली जाणारी कीटकनाशकाची खतं कधीही घालू नका. दुकानात 'थ्री-इन-वन' म्हणून मिळतात, त्यात खत आणि विष एकत्र असतं.

गावाहून बॅगेत गुलाबाची काडी आणू नका. परवाना आणि प्रमाणपत्र लागतं. उगाच विमानतळावर शोभा.

जूनच्या शेवटी जपानी भुंगे येतात, हिरवे, तांब्यासारख्या पाठीचे. पहाटे सुस्त असतात तेव्हा साबणाच्या पाण्याच्या डब्यात झटका. त्यांचे पिवळे सापळे अंगणात लावू नका, शेजारच्या गल्लीतलेही भुंगे जेवायला येतात.

आणि एखाद्या फांदीला लालभडक, झाडूसारखे गच्च, काट्यांनी भरलेले फुटवे आले, तर ती पालवी नव्हे. तो रोझ रोझेट नावाचा रोग, सूक्ष्म कोळ्यांमुळे पसरणारा, औषध नसलेला. झाड मुळासकट उपटून पिशवीत बांधून कचऱ्यात. कंपोस्टमध्ये नाही. जीव कासावीस होतो, पण बाकीची वाचतात.

नोव्हेंबरअखेर, थँक्सगिव्हिंगच्या सुमारास बुंध्याभोवती फूटभर माती किंवा पालापाचोळ्याचा ढीग. थर्माकोलच्या टोप्या मला आवडत नाहीत, उन्हाच्या दिवशी आत वाफ होते.

ह्यूस्टनला बदली झाली तर हे सगळं विसरा. तिकडे जुने चिनी गुलाब आणि टी गुलाब. कोडाईकनालला विरू आणि गिरिजा वीरराघवन या दांपत्याने ईशान्येकडच्या रोझा गिगांशिया या रानटी गुलाबापासून उष्ण हवेचे गुलाब घडवले, तुमची वाट ती.

इकडेच राहणार असाल तर माझ्या हान्साला कुंपणाबाहेर फुटवे आले आहेत. एप्रिलमध्ये, फोर्सिथिया फुलला की या. कुदळ तुमची आणा.