घोड्यांची मासिकं वाचून घोड्याची काळजी शिकायची असेल तर

आमची घोडी मुळशीकडच्या एका तबेल्यात असते, आणि तिच्या तब्येतीबद्दल मला जे काही कळतं त्यातलं अर्धं आमच्या मोतद्दार मामांकडून, म्हणजे तबेल्यात घोडी सांभाळणाऱ्या मामांकडून, आलंय आणि अर्धं मासिकांमधून. डॉक्टर आहेतच, पण घोड्यांचे डॉक्टर काही गल्लोगल्ली मिळत नाहीत, आणि पावसाळ्यात रेसचा सीझन सुरू झाला की त्यांच्यामागे किती धावपळ असते ते पुण्यात घोडं असलेल्या प्रत्येकाला माहितीये. म्हणून नवीन घोडं घेतलेले लोक विचारतात ना, की मासिकं वाचून खरंच काही शिकता येतं का, तर हो, भरपूर शिकता येतं, फक्त वाचताना आपलं घोडं डोळ्यासमोर ठेवून वाचायला लागतं.

मासिकं मिळतात कुठे, तर जुने अंक मला जुन्या बाजारात सापडले, बुधवार-रविवार भरतो तिथे रद्दीवाल्यांकडे, आणि काही कॅम्पातल्या जुन्या पुस्तकवाल्यांकडे. बाकी आता बरंचसं मोबाईलवर वाचता येतं. नाव बघून अंक घेऊ नका, आधी अनुक्रमणिका बघा. हॉर्स अँड हाउंड हे ब्रिटनचं साप्ताहिक १८८४ पासूनचं, नाव मोठं, पण त्यात स्पर्धांच्या आणि घोडेस्वारीच्या बातम्या जास्त. इक्वस हे अमेरिकेत १९७७ साली सुरू झालेलं, त्याचा भर घोड्याच्या तब्येतीवर, त्यामुळे माझ्याकडचा बराचसा गठ्ठा त्याचाच आहे. एखाद्या अंकात खूर, दात, पोट, चारा यावर निदान दोन लेख असतील तर तो घ्या, नुसते चकचकीत फोटो असतील तर सोडून द्या.

पण पहिला लेख वाचायच्या आधी एक वही करा आणि आठवडाभर आपल्या घोड्याचे आकडे लिहा. हे मी सगळ्यांना सांगते कारण याच्याशिवाय लेखातला आकडा नुसता आकडाच राहतो. मोठ्या घोड्याचं टेंपरेचर साधारण ९९ ते १०१ फॅरनहाइट, नाडी मिनिटाला २८ ते ४४, श्वास ८ ते १६, असं सगळीकडे छापलेलं असतं. आता आपल्या घोड्याचं काय ते बघा. सकाळी चंदीच्या, म्हणजे दाण्याच्या खुराकाच्या आधी, सावलीत, घोडं शांत उभं असताना. खालच्या जबड्याच्या हाडाची कड असते ना, तिच्या आतल्या बाजूला बोटं फिरवली की पेन्सिलीएवढी एक शीर बोटाखाली सरकते, ती हाडावर हलकी दाबायची आणि १५ सेकंद मोजून चारने गुणायचं. अंगठा लावू नका, आपलीच नाडी मोजली जाते. मला पहिल्यांदा ती शीर सापडायला तीन दिवस लागले, मामांनी माझा हात धरून जागेवर ठेवला तेव्हा कुठे ठोका लागला. आमच्या घोडीचे १५ सेकंदात ९ ठोके येतात, म्हणजे ३६. हा आकडा मला आता झोपेतसुद्धा सांगता येईल.

वजनाचंही तसंच. चारा किती, जंताचं औषध किती, सगळं मासिकात वजनावर सांगतात आणि आपल्याकडे तबेल्यात काटा कुठून असणार. त्यासाठी टेलरची टेप पुरते. पुढच्या पायांच्या मागून छातीचा घेर घ्यायचा, मग खांद्याच्या पुढच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या, म्हणजे शेपटीकडच्या मांसल भागाच्या, मागच्या टोकापर्यंत लांबी, दोन्ही सेंटीमीटरमध्ये. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ११८८०. आमच्या घोडीचा घेर १६० आणि लांबी १४५, म्हणजे साधारण ३१२ किलो. आता लेखात लिहिलेलं असतं की रोज वजनाच्या दीड ते दोन टक्के कोरडा चारा पोटात गेला पाहिजे, तर तिच्यासाठी तो पावणेपाच ते सव्वासहा किलो झाला. आम्ही वाचलं त्या दिवशी पेंढी तोलली तर चारा कमी पडत होता आणि चंदी जास्त होत होती.

लेख वाचताना सगळ्यात आधी अंकाचं साल बघा. हे फार महत्त्वाचं आहे आणि जुने अंक वाचणाऱ्यांनी तर जास्तच. मी एका जुन्या अंकात वाचून दर दोन महिन्यांनी औषध बदलून बदलून जंताचं औषध द्यायला लागले होते, वर्षभर दिलं. तेव्हा सगळीकडे तेच सांगत होते, पण त्याने जंतांवर औषधंच चालेनाशी होतात हे नंतर लक्षात आलं, आणि अमेरिकेतल्या घोड्यांच्या डॉक्टरांच्या संघटनेने २०१३ मध्ये याबद्दलच्या सूचनाच बदलल्या. आता आधी लीद तपासायची, त्यात अंडी किती आहेत ते मोजायचं आणि त्यावरून डॉक्टर ठरवतात कोणत्या घोड्याला किती वेळा द्यायचं. घोड्याचं शरीर, नाडी, खुराची रचना यावरचे जुने लेख आजही तितकेच कामाचे आहेत, पण औषध, लस, जंत यावर मात्र नवा अंक शोधा.

मग बघायचं देश. इथे सगळ्यात जास्त घोळ होतो. अमेरिकेतले लोक ज्याला अल्फाल्फा म्हणतात आणि ब्रिटिश लोक ल्यूसर्न, तो आपला लसूणघास. फाउंडर आणि लॅमिनायटिस एकाच दुखण्याबद्दल वापरलेले दिसतात, खुराच्या आतला थर सुजतो ते. इंग्रजीत hay लिहिलेलं असतं ते म्हणजे गवत वाळवून ठेवलेलं, आपला कडबा तो नव्हे, कडबा ज्वारीचा. आणि ज्वारीवरून आठवलं, परदेशी मासिकात सोरघम आणि सुदान ग्रास घोड्याला हिरवं चारू नका असं ठळक लिहिलेलं असतं आणि आपल्याला वाटतं ते काहीतरी तिकडचं गवत असेल, पण सोरघम म्हणजे आपली ज्वारीच. कोवळ्या हिरव्या ज्वारीत विषारी घटक असतो, घोड्याचे मागचे पाय लुळे पडू शकतात, लघवीचा त्रास होतो. बांधावरची कोवळी ज्वारी कापून आणून टाकणारे लोक मी स्वतः बघितलेत, त्यांना नक्की सांगा.

उलट बर्फ, हिवाळ्यातल्या झुली, वसंतातलं गोड गवत यावर पानंच्या पानं असतात, ती पटकन चाळून पुढे जा. आणि जे आपल्याकडे नेमकं लागतं ते सगळं तिकडे नसतं. आपला पाऊस म्हणजे चार महिने ओला तबेला, खुराच्या तळाला मधोमध जो त्रिकोणी मऊ भाग असतो तो कुजून काळा पडतो आणि वास मारतो, पाठीवर खपल्या धरून केस जातात. खूर कुजण्यावर परदेशी लेख चांगले मिळतात. पण सर्रा, जो मोठ्या चावऱ्या माशांमुळे पसरतो, ताप येतो जातो, घोडं खंगत जातं, पायावर पोटाखाली सूज येते, तो तिकडच्या मासिकात क्वचितच दिसतो. त्यासाठी हरियाणातल्या हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राचं साहित्य शोधा, ते आपल्या देशातल्या आजारांवरच काम करतात. भीमथडी तट्टू सांभाळणारे जुने लोक भेटले तर त्यांच्याजवळही बसा, त्यांच्या घोड्यांनी हेच हवामान पिढ्यानपिढ्या काढलंय.

पोटशूळ, म्हणजे मासिकातला कॉलिक, यावरचा लेख दिसला की तो कापून तबेल्यात लावा. घोड्याला उलटी करता येत नाही आणि जठर शरीराच्या मानाने छोटं, ८ ते १५ लिटरचं, त्यामुळे पोटात काही बिघडलं की लवकर जिवावर बेततं. मागच्या ऑगस्टमध्ये रात्री दहाला मामांचा फोन आला, "ताई, घोडी सारखी पोटाकडं बघतीय, पाय आपटतीय, चंदीला तोंड लावंना." मी विचारलं, मामा, लीद कधी टाकली? "दुपारपासनं न्हाई." नाडी मोजायला सांगितली तर १५ सेकंदात १४, म्हणजे ५६. डॉक्टरांना फोन केला तर त्यांनीही तेच प्रश्न विचारले, आणि रोजची नाडी ३६ असते म्हटल्यावर ते लगेच निघाले. तोपर्यंत दुखण्याचं इंजेक्शन द्यायचं नाही, खायला काही द्यायचं नाही, एवढं आम्हाला त्या कापलेल्या पानावरून माहिती होतं, कारण इंजेक्शनने दुखणं झाकलं जातं आणि डॉक्टरांना खरी अवस्था कळत नाही. पहाटे चारला तिने लीद टाकली, मामा तिथेच खाली बसले आणि रडले, मीही.

औषधाचा डोस मात्र मासिकातून कधीच घेऊ नका. तिकडची ब्रँडची नावं वेगळी, औषधाची तीव्रता वेगळी, लेखातला घोडा ५०० किलोचा आणि आपला ३००चा. खाण्यात घालायच्या पावडरींचंही तेच, सेलेनियमसारखं मूलद्रव्य कमी पडलं तरी त्रास आणि जास्त झालं तरी विष, आणि तिकडच्या मातीचा हिशोब आपल्या चाऱ्याला लागू होत नाही. जाहिरात लेखासारखीच छापलेली असते, शेवटी कंपनीचा नंबर दिसला की ओळखा. आणि कोणत्याही मासिकात मोनेन्सिन हा शब्द दिसला तर थांबून पूर्ण वाचा. कोंबड्यांच्या आणि गुरांच्या काही खाद्यात हे औषध घालतात, त्यांना ते चालतं, घोड्याच्या मात्र हृदयावर जातं आणि थोडंसंही जीव घेऊ शकतं. गोठा आणि तबेला शेजारी असेल तर पोती वेगळी ठेवा, घमेलीसुद्धा वेगळी. गव्हाच्या कोंड्याबद्दलही वाचा, आपल्याकडे सगळे भरपूर घालतात, पण त्यात फॉस्फरस जास्त आणि कॅल्शियम कमी, रोज जास्त झाला तर हाडं कमजोर होतात. आम्ही कोंडा कमी करून लसूणघास वाढवला, तोही एकदम नाही, दहा-बारा दिवसात हळूहळू, डॉक्टरांना विचारून.

एक लेख वाचला की वहीत तीनच गोष्टी लिहा, नवीन काय कळलं, आपल्या घोड्यात ते कुठे बघायचं, आणि डॉक्टरांना किंवा नालबंदाला काय विचारायचं. मी रविवारी घोडीला खरारा, म्हणजे ब्रशने घासणं, करताना मामांना लेख मराठीत सांगते, आणि ते मध्येच म्हणतात, ताई हे आपल्याकडं असं न्हाई होत, किंवा, हा हे खरंय, माझा बाप पण असंच सांगायचा. दोन्हीची नोंद वहीत असते. गेल्या महिन्यात खुराचं पुढचं टोक लांब वाढलं की पायाचा कोन कसा बदलतो त्याचं चित्र मिळालं, मी आमच्या घोडीचा बाजूने फोटो काढून चित्राशेजारी ठेवला तर पुढची टोकं फारच पुढे गेलेली दिसली. नाल बदलून आठ आठवडे होऊन गेले होते, सहा ते आठच्या आत व्हायला हवे होते. नालबंद शनिवारी येणार आहेत, चित्र आणि फोटो दोन्ही छापून वहीत लावून ठेवलेत.