रिग्रेशनमध्ये काय घालायचं नाही

रिग्रेशन, म्हणजे एका गोष्टीचा दुसरीशी किती संबंध आहे हे डेटावरून मोजणारं मॉडेल, चालवणं सोपं आहे. स्लोप, पी-व्हॅल्यू वगैरे तुम्हाला ठाऊक असेलच. रेसिड्युअलचा, म्हणजे खरा आकडा आणि मॉडेलचा अंदाज यांतल्या फरकाचा, आलेख मात्र न चुकता काढा. संख्याशास्त्रज्ञ अँस्कोम्बने 1973 मध्ये चार छोटे डेटासेट मांडले होते: चौघांची रेषा जवळपास एकच, आर-स्क्वेअर (चढउताराचा किती हिस्सा मॉडेल पकडतं ते) 0.67च्या आसपास, पण आलेखात चौघांची तोंडं चार दिशांना.

मला खरं रडवलं ते कंट्रोल व्हेरिएबल्सनी, म्हणजे तुलना सारख्यांमध्ये व्हावी म्हणून मॉडेलमध्ये घातलेल्या जास्तीच्या घटकांनी. ‘जितके कंट्रोल जास्त तितकं मॉडेल पक्कं’ हे सीनियर इतक्या ठामपणे सांगतात की शंका घ्यायची हिंमतच होत नाही. शंका घ्या.

समजा, वाचनाच्या सवयीमुळे परीक्षेतले गुण वाढतात का, हे बघायचंय. वाचनाने शब्दसंग्रह वाढतो आणि शब्दसंग्रहामुळे गुण. आता शब्दसंग्रहच कंट्रोल म्हणून घातलात, तर प्रश्न बदलला: शब्दसंग्रह सारखाच असलेल्या मुलांमध्ये वाचनाने काय फरक पडतो? ज्या वाटेने परिणाम पोचत होता, ती तुम्हीच बंद केलीत. वाचनाचा कोइफिशंट, म्हणजे मॉडेलने मोजलेला परिणाम, शून्याकडे घसरतो आणि आपण लिहून मोकळे होतो, ‘वाचनाचा परिणाम आढळला नाही.’ सॉफ्टवेअर हूं की चूं करत नाही. व्हीआयएफ (व्हेरिएबल्स एकमेकांशी किती जुळलेले आहेत ते सांगणारा आकडा) ठीक, रेसिड्युअल ठीक, आर-स्क्वेअर तर वाढलेला. तो वाढणारच, त्याच डेटावर लॉटरीचे आकडे घातले तरी तो कमी होत नाही.

उलट, पालकांचं शिक्षण घ्या. ते वाचनाच्या आधीचं आहे आणि वाचन व गुण दोन्हींवर परिणाम करतं. ते वगळलंत तर त्याचं श्रेय वाचनाला जाईल. म्हणजे एक घालायलाच हवा, दुसरा घालायचा नाही, आणि हा फरक आकड्यांत कुठेच दिसत नाही. म्हणून स्टेपवाइजवर, म्हणजे सॉफ्टवेअरलाच आकडे बघून व्हेरिएबल्स निवडू देण्यावर, माझा राग आहे. कारण काय आणि परिणाम काय, हे त्या बटणाला कसं कळणार?

घाबरू नका, यासाठी अवघड गणित लागत नाही. डेटा उघडण्याआधी कागदावर बाण काढा: आधी काय घडतं, मग काय. बाण कुठल्या दिशेने काढायचा हे विषय वाचूनच कळतं, आणि त्याला वेळ लागतो. तो कागद गाइडना दाखवा. ‘अमुक कंट्रोल का नाही?’ असं व्हायव्हात विचारतातच. तेव्हा ‘सॉफ्टवेअरने काढून टाकला’ हे उत्तर चालत नाही.