कॅम बदलला, हेडर्स लावले, तरी पॉवर कमीच? या चुका टाळा

१९९९ ते २००७ दरम्यानच्या शेवरले सिल्व्हराडोमधलं ५.३ लिटरचं एलएम७ व्ही-८ इंजिन अमेरिकेतल्या हौशी लोकांचं लाडकं आहे. जुनी पिकअप घ्यायची, नवा कॅमशाफ्ट (व्हॉल्व्हची उघडझाप करणारा दांडा), लांब हेडर्स (एक्झॉस्टचे मोकळे पाइप) आणि मोठा इनटेक (हवा आत घेणारा भाग) बसवायचा, ट्यून करून, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरची सेटिंग्ज जुळवून, गाडी डायनोवर, म्हणजे पॉवर मोजणाऱ्या यंत्रावर, चढवायची. कागदावर २६० हॉर्सपॉवर दिसले की मालकाचा चेहरा पडतो आणि लगेच आणखी पार्ट्स मागवले जातात. सगळ्यात महागात पडणारी चूक हीच.

आधी त्या आकड्याचा अर्थ लावा. २०००च्या सुमारास कंपनीने या इंजिनाची पॉवर २८५ सांगितली होती, पण ती क्रॅंकवरची, म्हणजे थेट इंजिनातून बाहेर पडणारी. डायनो चाकांवरची पॉवर मोजतो. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आणि मागचा जड ॲक्सल १५ ते २० टक्के खाऊन टाकतात, म्हणजे मूळ गाडीच २३०-२४०च्या आसपास असते. शिवाय एकाच रनचा (डायनोवरच्या चाचणीचा) आकडा 'एसटीडी' सुधारणेत 'एसएई'पेक्षा साधारण ४ टक्के जास्त दिसतो (हवामानानुसार आकडा जुळवण्याच्या या दोन पद्धती), त्यामुळे मित्राच्या कागदाशी तुलना करताना दोन्हीकडे कोणती सुधारणा आहे ते पाहा. बदलांआधी त्याच डायनोवर एक रन घेतला नसेल, तर नेमकं किती मिळालं हे कळणारच नाही.

मग थ्रॉटल, म्हणजे इंजिनात हवा सोडणारी झडप. केबलवाल्या गाड्यांत पेडल जाड मॅटवर अडतं आणि थ्रॉटल पूर्ण उघडतच नाही. इंजिन बंद ठेवून एकाने पेडल पूर्ण दाबावं, दुसऱ्याने ब्लेड पाहावं. दोन मिनिटांचं काम आहे, पण फार थोडे लोक करतात.

खरं उत्तर बहुतेक वेळा डेटा लॉगमध्ये, म्हणजे गाडी चालताना नोंदवलेल्या सेन्सरच्या आकड्यांत, सापडतं. फुल थ्रॉटलवर पेट्रोलचं हवा-इंधन प्रमाण साधारण १२.५ ते १२.८ हवं. वरच्या आरपीएमला ते पातळ होत असेल (इंधन कमी पडत असेल), तर ट्यूनमध्ये इंधन वाढवण्याआधी फ्युएल रेलवरचं, म्हणजे इंजेक्टरना इंधन पुरवणाऱ्या नळीवरचं, प्रेशर मोजा. थकलेला पंप किंवा तुंबलेला फिल्टर ट्यूनने बरा होत नाही. त्यानंतर नॉक रिटार्ड बघा, म्हणजे नॉक (सिलिंडरमध्ये इंधन अवेळी पेटणं) जाणवल्यावर कॉम्प्युटर टायमिंग (ठिणगीची वेळ) किती मागे घेतो ते. या इंजिनाचे दोन्ही नॉक सेन्सर इनटेक मॅनिफोल्डखाली असतात, तिथे पाणी झिरपून ते गंजतात. सेन्सर बिघडला की कॉम्प्युटर खबरदारी म्हणून टायमिंग मागे घेतो आणि पॉवर गुपचूप गायब होते. हेडर चेसिसला घासत असेल तर तो आवाजही सेन्सरला नॉक वाटतो.

डायनोचा ग्राफही बोलतो. रेघ वर चढत असतानाच तुटली, तर कॅमची ताकद जिथे सुरू होते तिथेच मूळ ट्यूनची आरपीएम मर्यादा इंजिनाला थांबवते आहे. वरच्या टोकाला रेघ थरथरत कोसळत असेल तर व्हॉल्व्ह स्प्रिंगवर (व्हॉल्व्ह बंद करणाऱ्या स्प्रिंगवर) संशय घ्या. मोठ्या कॅमसोबत जुन्या स्प्रिंग ठेवणं मला तरी अक्षम्य वाटतं. सगळीकडेच पॉवर कमी असेल तर कॅम फिरवणारी टायमिंग चेन एक दात चुकली आहे का, एक्झॉस्टमधला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तुंबला आहे का, हे पाहा.

इंजिन मुळातच झिजलेलं असेल तर वरचा साज व्यर्थ. कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) आणि लीक-डाउन (सिलिंडरमध्ये हवा भरून ती कुठून गळते ते पाहणारी) चाचणी खरं तर पार्ट्स घेण्याआधीच करायची. लीक-डाउनमध्ये हवा ऑइल भरायच्या तोंडातून आली तर पिस्टनच्या रिंग्ज, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर हेड गॅस्केट.

आणि डायनोवर आकडा चांगला, पण रस्त्यावर गाडी मंद? मग इंजिनाला हात लावू नका. ३५ इंची टायर आणि मागच्या ॲक्सलचा मूळ ३.७३चा गिअर ही जोडी कुठल्याही कॅमला लोळवते. मोठ्या कॅमचा टॉर्क (फिरवण्याचा जोर) वरच्या आरपीएमला सरकतो, त्यामुळे जास्त स्टॉलचा (सुरुवातीला इंजिनाला वरच्या आरपीएमपर्यंत चढू देणारा) टॉर्क कन्व्हर्टर आणि ४.१० किंवा ४.५६ गिअर यांवरच पैसे घाला.