जॉकीचे आकडे कसे वाचावेत: महालक्ष्मी आणि पुण्याच्या रेससाठी

रेसकोर्सवर नवा आलेला माणूस रेसबुक उघडतो तेव्हा त्यात ओळखीचं असं एकच सापडतं, जॉकीचं नाव. घोडे दर हंगामात नवे येतात, ट्रेनरकडे कुणाचं लक्ष जात नाही, पण सुरज नर्रेडू, पी. ट्रेव्हर, ए. संदेश ही नावं पेपरात वाचलेली असतात. मग त्या नावावर पैसे लागतात, भाव पडतो, आणि घोडा जिंकला तरी दहाचे जेमतेम पंधरा हातात येतात. हरला तर अख्खे दहा गेले.

म्हणून सुरुवातीलाच एक गोष्ट पक्की करा. जॉकीचे आकडे तुम्हाला दिसतात तसे सगळ्या पंटरना (पैज लावणाऱ्यांना) दिसतात आणि ते भावात आधीच मुरलेले असतात. त्या आकड्यांनी ‘कुणावर लावायचं’ हे क्वचित कळतं. ‘कुठला फेव्हरिट (ज्यावर सगळ्यात जास्त पैसे लागतात तो घोडा) सोडून द्यायचा’ हे मात्र बऱ्यापैकी कळतं, आणि खिशाला तेच जास्त उपयोगी पडतं.

आधी वही घाला

रेसकार्ड आणि निकाल रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लब प्रसिद्ध करतो, त्यामुळे कच्चा माल फुकट मिळतो. वहीत किंवा एक्सेलमध्ये प्रत्येक घोड्यासाठी एक ओळ करा: तारीख, अंतर, क्लास (घोड्यांच्या दर्जानुसार पडलेला गट), घोडा, ट्रेनर, जॉकी, वजन, सुटतानाचा भाव, फेव्हरिट होता का, कितवा आला, आणि जिंकला असल्यास दहा रुपयांमागे किती डिव्हिडंड (लावलेले धरून परत मिळणारी रक्कम) मिळाला.

यातला ‘सुटतानाचा भाव’ हा रकाना सगळ्यात कंटाळवाणा आणि सगळ्यात मोलाचा. निकालात डिव्हिडंड मिळतो तो जिंकलेल्या आणि प्लेसमध्ये (पहिल्या काही क्रमांकांत) आलेल्या घोड्यांचा. हरलेल्या घोड्याचा शेवटचा भाव टोटच्या (रेसकोर्सवरच्या अधिकृत पैज-यंत्रणेच्या) बोर्डावरून तुम्हालाच टिपावा लागतो. तेवढं जमत नसेल तर निदान फेव्हरिट कोण होता एवढं तरी लिहाच.

महालक्ष्मीचा हंगाम साधारण नोव्हेंबर ते एप्रिल आणि पुण्याचा जुलैपासून पावसाळाभर आणि पुढे दिवाळीच्या आसपास. दोन्हीची पानं वेगळी ठेवा, एकत्र बेरीज करू नका. का, ते पुढे येईलच.

टक्केवारी फोडून बघा

सगळे ज्याला स्ट्राइक रेट म्हणतात ते गणित सोपं आहे: जिंकलेल्या शर्यती भागिले एकूण राइड. हा आकडा खोटा नसतो, पण त्यात जॉकीपेक्षा घोड्यांचाच हात जास्त असतो. ज्याला मोठ्या तबेल्यांचे घोडे मिळतात त्याची टक्केवारी चांगली दिसणारच.

समजा, अ आणि ब असे दोन जॉकी आहेत (उदाहरण काल्पनिक आहे, आकडे हिशेब दाखवण्यापुरते). अ ने १०० राइडमध्ये २४ जिंकल्या. ब ने ८० मध्ये ८. चोवीस टक्के विरुद्ध दहा टक्के, म्हणजे कट्ट्यावरची चर्चा इथेच संपते. आता वहीतला फेव्हरिटचा रकाना उघडा. अ च्या १०० पैकी ६० घोडे फेव्हरिट होते आणि त्यातले २० जिंकले. उरलेल्या ४० मध्ये ४. ब ला फेव्हरिट मिळाले फक्त ६, त्यातले २ जिंकले. उरलेल्या ७४ मध्ये ६.

म्हणजे फेव्हरिटवर दोघेही तीनात एक. जगभरात फेव्हरिट साधारण तेवढेच जिंकतात. बिगर-फेव्हरिटवर अ दहा टक्के, ब आठ. चोवीस आणि दहामधली ती भली मोठी दरी कुठे गेली? ती घोड्यांची होती. अ वाईट जॉकी आहे असा याचा अर्थ नाही. चांगले ट्रेनर त्याला उगाच घोडे देत नाहीत. पण त्याच्या नावासाठी पडलेला भाव स्वीकारण्याचं कारण या आकड्यांत दिसत नाही.

दहा-दहा रुपये लावून बघा, फक्त कागदावर

दुसरी कसोटी पैशाची. त्या जॉकीच्या प्रत्येक राइडवर डोळे झाकून दहा रुपये विनला (पहिला येईल यावर) लावले असते तर हातात काय उरलं असतं?

अ च्या १०० राइडना हजार रुपये लागले. २४ वेळा सरासरी ३२ रुपये डिव्हिडंड मिळाला, म्हणजे ७६८ रुपये परत आले. तोटा २३२. ब च्या ८० राइडना ८०० लागले आणि आठ डिव्हिडंड मिळून ८४० परत आले. फायदा ४०. इथे मन लगेच म्हणतं, ब हाच आपला माणूस! थांबा, ते आठ डिव्हिडंड एकेक करून बघा. त्यातला एक एकट्याने ४२० चा निघाला. त्या एका शर्यतीत पुढचे दोन घोडे एकमेकांना अडवत राहिले असतील आणि बाहेरून हा निघून गेला असेल. ती शर्यत वगळली तर उरतात ७९० लावलेले आणि ४२० मिळालेले.

सर्वात मोठा डिव्हिडंड काढून टाकून हिशेब पुन्हा करायची सवय लावून घ्या. अर्धे ‘फायदेशीर जॉकी’ तिथेच गळतात.

किती राइड म्हणजे पुरेशा?

तीस राइडमध्ये सहा विजय म्हणजे वीस टक्के. पण नुसत्या नशिबाच्या खेळाने हा आकडा पाच-सहा टक्क्यांपासून चौतीस-पस्तीसपर्यंत कुठेही जाऊ शकतो. शंभर राइडमध्ये वीस जिंकल्या तरी खरा आकडा बारा ते अठ्ठावीसच्या मध्ये कुठेतरी आहे, इतकंच म्हणता येतं. तेव्हा ‘गेल्या पंधरवड्यात त्याने पाच काढल्या’ हे चहाबरोबर बोलायला ठीक आहे, तिकीट काढायला नाही. आणि ‘या जॉकीचा १४०० मीटरला, क्लास ४ मध्ये, बाहेरच्या ड्रॉवरून (सुटण्याच्या गेटमधल्या जागेवरून) रेकॉर्ड’ अशी चाळणी लावत गेलात तर शेवटी हातात तीन-चार शर्यती उरतात. त्यांच्यावरून काहीही सिद्ध करता येतं.

अंतराचे दोनच ढीग करा: १००० ते १४०० मीटर आणि त्यापुढचं. छोट्या शर्यतीत सगळा खेळ सुटण्याचा. गेट उघडताच घोडा किती चटकन बाहेर पडला यावर निम्मी शर्यत ठरते. लांब शर्यतीत जॉकीचं डोकं लागतं, वेग कधी रोखायचा आणि कधी सोडायचा याचं. २४०० मीटरच्या इंडियन डर्बीत हे नुसत्या डोळ्यांनी दिसतं. पेसी श्रॉफ जॉकी म्हणून ही डर्बी वारंवार जिंकले, पुढे ट्रेनर म्हणूनही जिंकले. हा शहाणपणा टक्केवारीच्या रकान्यात मावत नाही, व्हिडिओ बघावा लागतो.

जोडी बघा: ट्रेनर आणि जॉकी

मला विचाराल तर जॉकीच्या आकड्यांत सगळ्यात कामाचं काही असेल तर हेच. जॉकी एकटा आकडा नसतोच, तो कुणाच्या तबेल्यासाठी बसतो त्यावर सगळं असतं. वहीत ट्रेनर आणि जॉकी असे दोन्ही रकाने एकत्र लावून चाळून बघा. एखादा ट्रेनर साध्या दिवशी घरच्या पोऱ्याला, अप्रेंटिसला (शिकाऊ जॉकीला) बसवतो आणि घोडा खरोखर तयार झाला की ठरावीक जॉकीला बोलावतो. अशी जोडी वर्षात फार वेळा जमत नाही, पण जमते तेव्हा तबेल्याचा इरादा सांगून जाते.

एकाच शर्यतीत एकाच ट्रेनरचे दोन घोडे असले की लोक लगेच बघतात, पहिला जॉकी कुठल्या घोड्यावर आहे. चांगली सवय आहे, पण वजन बघितल्याशिवाय निष्कर्ष काढू नका. हँडिकॅप शर्यतीत (जिथे चांगल्या घोड्यावर जास्त वजन देऊन बरोबरी साधतात) वरच्या घोड्याला साठीच्या आसपास वजन लागतं, खालच्याला पन्नास किलोच्या आसपास. यात जॉकीचं वजन आणि खोगीर दोन्ही आलं. भरल्या अंगाच्या सीनियर जॉकीला पन्नास किलोत बसणं शक्यच नसतं. तेव्हा त्याने हलका घोडा ‘सोडला’ असं दिसतं, तिथे पुष्कळदा सोडण्याचा प्रश्नच नसतो, काटा परवानगी देत नाही. दोन्ही घोड्यांची वजनं त्याला झेपणारी असतील तेव्हाच त्या निवडीला अर्थ.

मागच्या वेळी अप्रेंटिस होता, आज मोठा जॉकी आला, हाही असाच फसवा बदल. अप्रेंटिसला अनुभव कमी म्हणून काही किलोंची सूट मिळते आणि तो जिंकत जातो तशी ती कमी होत जाते. मोठा जॉकी बसला की ती सूट गेली, म्हणजे घोड्याच्या पाठीवर तेवढं वजन वाढलं. भाव मात्र नावामुळे पडतो. शेवटच्या दोनशे मीटरमध्ये दोन-तीन किलो जाणवतात. उलट बाजूने, नुकताच जिंकू लागलेला आणि सूट अजून शाबूत असलेला अप्रेंटिस हा वहीतला असा माणूस आहे ज्याच्याकडे गर्दीचं लक्ष उशिरा जातं.

पुणे वेगळं, महालक्ष्मी वेगळी

पुण्याचा हंगाम पावसात सुरू होतो. ट्रॅक मऊ असतो. तो किती मऊ हे पेनिट्रोमीटरच्या (जमिनीचा मऊपणा मोजणाऱ्या उपकरणाच्या) रीडिंगवरून कळतं, आणि फॉल्स रेल (आतल्या बाजूचं तात्पुरतं कुंपण) कुठे लावली आहे हेही बघून ठेवावं. रेलजवळची जमीन उखडली की जाणते जॉकी घोडा बाहेर काढतात, नवखे आतच चिखल तुडवत राहतात. हा फरक पुण्याच्या पानावर दिसेल, फेब्रुवारीतल्या कोरड्या महालक्ष्मीवर दिसणार नाही. म्हणून ती वेगळी पानं.

डर्बीच्या रविवारी तर वहीला सुट्टीच द्या. बंगळूरू, हैदराबाद, चेन्नईकडचे जॉकी आलेले असतात, त्यांचे आकडे त्यांच्या ट्रॅकवरचे, त्यांच्या घोड्यांचे. महालक्ष्मीच्या पानाशी ते जुळवता येत नाहीत.

‘खेचला’ म्हणण्याआधी

हरलेला प्रत्येक पंटर म्हणतो, जॉकीने घोडा खेचला. स्टुअर्ड (शर्यतीचे पंच) शर्यतीची फिल्म बघतात, जॉकीला बोलावून विचारतात, सस्पेंडही करतात, आणि त्याची नोंद होते. तुम्हीही व्हिडिओ दोनदा बघा. एकदा नेहमीसारखा, आणि दुसऱ्यांदा फक्त तुमच्या घोड्यावर नजर ठेवून. घोडा आत अडकून वाट न मिळाल्याने चौथा आला की दम संपल्याने चौथा आला, हा भेद निकालात नसतो. वहीत शेवटी एक मोकळा रकाना ठेवा आणि तिथे दोन शब्द लिहा: ‘आत अडकला’, ‘उशिरा सुटला’, ‘दम नव्हता’. दोन महिन्यांनी हाच रकाना सगळ्यात आधी वाचाल.

खिडकीपाशी

शर्यतीच्या आदल्या रात्री, भाव न बघता, प्रत्येक घोड्याला तुमच्या मते जिंकायची किती शक्यता आहे ते टक्क्यांत लिहा. सगळ्यांची बेरीज शंभर आली पाहिजे, हे महत्त्वाचं. जॉकीसाठी त्यात फार तर दोन-तीन टक्के इकडे-तिकडे करा, जास्त नाही. पळतो शेवटी घोडाच. मग कोर्सवर भाव बघा. तुमच्या मते २५ टक्के संधी असलेल्या घोड्याला दहाचे किमान चाळीस मिळाले तर हिशेब बरोबरीत सुटतो. पन्नासच्या खाली असेल तर सोडून द्या, कारण तुमचा अंदाज चुकण्याचीही जागा ठेवायला हवी. टोटचा भाव शेवटच्या मिनिटापर्यंत हलतो, तेव्हा फार लवकर तिकीट काढू नका.

आता करांचं. सुप्रीम कोर्टाने १९९६ मध्ये घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ मानला, पण सरकारी तिजोरीने काही दया दाखवलेली नाही. जीएसटी ऑक्टोबर २०२३ पासून पैजेच्या पूर्ण रकमेवर २८ टक्के होता, सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के झाला. शिवाय जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के प्राप्तिकर आणि वर सेस. दहा हजारांच्या वरच्या जिंकलेल्या रकमेवर तो आधीच कापला जातो, आणि हरलेली तिकिटं दाखवून त्यातून वजावट मागता येत नाही. कर न लागणारा गल्लीतला बुकी स्वस्त वाटेल, पण तो बेकायदा आहे, आणि मोठी रक्कम जिंकलात तर त्याच्या दारात उभं राहून मागायची कुठल्या तोंडाने?

या कापाकापीनंतर कितीही चांगल्या वहीने महिन्याचं उत्पन्न निघत नाही. तिकीट, खाणं आणि पैजा मिळून दिवसाची एक रक्कम ठरवा, तेवढीच रोख घेऊन जा, गुगल पे बंद ठेवा. हरलेलं भरून काढायला रक्कम दुप्पट करत असाल किंवा घरी लपवत असाल, तर वही बाजूला ठेवा आणि टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत नंबरवर बोला.

रेस संपली की त्याच संध्याकाळी वही भरा. लावलेल्या पैजांबरोबर सोडून दिलेल्या पैजाही लिहा, त्यांचं काय झालं तेही. हंगाम संपताना आधी सोडून दिलेल्या फेव्हरिटची यादी काढा आणि त्यातले किती हरले ते मोजा. तीनातले दोनच हरले असतील तर तुमच्या वहीने अजून काही वेगळं दाखवलेलं नाही, कारण तेवढे तसेही हरतात. पुण्याचं नवं पान सुरू करताना ट्रेनर-जॉकीच्या जोड्या तेवढ्या पुढे न्या, बाकी सगळे रकाने कोरे ठेवा.