आई-आबांचं शून्य रकमेचं तिकीट: ते कसं घ्यायचं आणि का मागूनच घ्यायचं

पंच्याहत्तरी पूर्ण झालेल्या माणसाला एस.टी.त भाडं पडत नाही, हे आता चंदगडपासून शिरोळपर्यंत घराघरात माहीत आहे. तरी गाडीत रोज वाद होतात. कार्ड कुठलं चालतं, सवलत कुठं संपते, तिकीट घ्यायचं की नाही, यावरून. माझी सगळी नोकरी कंडक्टर म्हणून कोल्हापूरच्या गाड्यांवर गेली. शेवटची काही वर्षं ही योजना माझ्याच हातातल्या मशीनवर चालली. म्हणून जे गाडीत ओरडून सांगत होतो, ते इथं सावकाश सांगतो. म्हाताऱ्या माणसांपेक्षा त्यांच्या लेका-सुनांनी हे वाचावं, कारण कार्ड, मोबाईल आणि आरक्षण बहुतेक वेळा त्यांच्याच हातात असतं.

आधी हिशेब समजून घ्या. २६ ऑगस्ट २०२२ पासून अमृत ज्येष्ठ नागरिक योजना लागू आहे. ७५ वर्षं पूर्ण झाली की राज्याच्या हद्दीत एस.टी.चा प्रवास मोफत. ६५ ते ७५ मध्ये अर्धं तिकीट, ते आधीपासूनच होतं. १७ मार्च २०२३ पासून सगळ्याच बायकांना अर्धं तिकीट झालं. त्यामुळं सत्तर वर्षांच्या आज्जीला अर्ध्या तिकिटासाठी वयाचा पुरावा लागत नाही, पण तिच्या शेजारी बसलेल्या सत्तरीच्या आबांना लागतो.

इथंच एक गोष्ट सुटते. गर्दीच्या गाडीत कंडक्टर बाईमाणूस बघतो आणि बटण दाबून महिलांचं अर्धं तिकीट काढतो. आज्जी मुकाट्यानं पैसे देते. ती ऐंशीची असते. तिला एक पैसाही द्यायचा नसतो, पण ती बोलत नाही आणि कंडक्टरला वर बघायला सवड नसते. म्हणून घरात आजच सांगून ठेवा. आईनं आधी कार्ड पुढं करायचं, मग गावाचं नाव सांगायचं. ‘पंच्याहत्तर पूर्ण’ एवढे दोनच शब्द पुरतात.

कार्ड म्हणजे आधारच पाहिजे असं नाही. पॅन कार्ड, मतदार ओळखपत्र, वाहन परवाना, पासपोर्ट, यातलं जन्मतारीख किंवा वय दाखवणारं एक बास. मोबाईलमधल्या डिजिलॉकरवरचं आधारही चालतं. झेरॉक्सवर भिस्त ठेवू नका. घडी घालून घालून तारखेवरच चीर पडलेली झेरॉक्स मी किती बघितल्या, आणि प्रत्येक वेळी वाद.

जुन्या मतदार कार्डाची एक गंमत सांगतो, ती कामाला येईल. त्यावर जन्मतारीख नसते, अमुक तारखेला अमुक वय असं छापलेलं असतं. समजा १ जानेवारी १९९५ रोजी वय ४७ असं लिहिलंय, तर तो माणूस १ जानेवारी २०२३ ला पंच्याहत्तरीच्या पुढं गेलेला आहे. धावत्या गाडीत कंडक्टर ही बेरीज करत बसत नाही. घरीच करून ठेवा आणि आबांना तोंडपाठ करून द्या. आपल्याकडं त्या पिढीच्या निम्म्या लोकांचा वाढदिवस १ जूनला असतो. शाळेत नाव घालताना मास्तरांनी टाकलेली ती तारीख. खरं वय दोन-चार वर्षं इकडंतिकडं असणारच. पण कंडक्टर कार्डावर जे आहे तेच बघणार, आणि त्यानं तेच बघायला पाहिजे. आधारवर वय कमी पडलंय आणि दुसरा पक्का कागद हातात आहे, असं असेल तर आधार केंद्रावर दुरुस्ती करून घ्या. जन्मतारीख साधारणपणे एकदाच बदलून मिळते, तेव्हा घाई न करता योग्य कागद घेऊनच जा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. शून्य रकमेचं तिकीट मागून घ्या.

गगनबावड्याकडचे एक आबा माझ्या गाडीला नेहमी असायचे. बंडीच्या आतल्या खिशात तंबाखूच्या चंचीबरोबर प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं आधार. ते सोडायचे, दाखवायचे, परत गुंडाळायचे, तोवर पुढचा टप्पा यायचा. मी मशीन चालवली की म्हणायचे, “तिकीट कशाला फाडतायसा? फुकट हाय न्हवं?” मी एकदा गाडी रिकामी झाल्यावर त्यांच्या शेजारी बसून सांगितलं. आबा, हे फुकट नव्हे. तुमचं भाडं सरकार एस.टी.ला भरतं. किती भरायचं ते या कागदावरनं ठरतं. तुम्ही कागद घेतला नाही, तर तुम्ही या गाडीत बसलाच नव्हता. त्यानंतर ते माझ्या आधी हात पुढं करायला लागले.

खरंच तसं आहे. मशीनमधून निघालेलं प्रत्येक शून्याचं तिकीट हिशेबात जातं आणि त्यावरून राज्य सरकार महामंडळाला सवलतीची प्रतिपूर्ती करतं. तिकीट न घेता बसलेला म्हातारा माणूस म्हणजे एस.टी.ला बुडालेलं भाडं. तपासणीला पथक चढलं तर कंडक्टरच्या नोकरीवर येतं. आणि देव न करो, पण अपघात झाला, तर आपण त्या गाडीत होतो याचा पहिला पुरावा तो बोटभर कागदच असतो. उतरेपर्यंत जपा. घरी आल्यावर डब्यात टाकून ठेवा, ते का ते पुढं सांगतो.

सवलत कुठं चालत नाही, हे कोल्हापूरकरांना बाकीच्यांपेक्षा जास्त माहीत पाहिजे, कारण हद्द आपल्या दारात आहे. कागल सोडलं, दूधगंगा ओलांडली की कर्नाटक. निपाणी, बेळगावला जाणाऱ्या आपल्या गाडीत शून्याचं तिकीट हद्दीपर्यंत, पुढचं भाडं रोख. मार्गशीर्ष पौर्णिमेला यल्लम्माला सौंदत्तीला जाणाऱ्या आज्ज्यांना हे आधी सांगितलेलं नसतं. मग गाडीत कमरेचा बटवा सोडताना त्यांचा चेहरा पडतो. जायचे आणि यायचे पैसे वेगळे बांधून द्या. मध्यवर्ती स्टँडवर कर्नाटकच्या आणि गोव्याच्या कदंबच्या गाड्याही लागतात. त्यात आपली योजना चालत नाही. चढायच्या आधी गाडी कुणाची ते बघा.

शहरातही तेच. के.एम.टी. महापालिकेची, एस.टी. महामंडळाची. स्टँडवर उतरून सी.पी.आर. या सरकारी दवाखान्याला किंवा महाद्वारला के.एम.टी.नं जायचं असेल तर एस.टी.चं शून्याचं तिकीट तिथं लागू नाही. सुटे पैसे जवळ ठेवा.

आरक्षण करायचं असेल तर ज्येष्ठ नागरिकाची सवलत निवडून करा. भाडं शून्य येतं, आरक्षणाचा आकार मात्र भरावा लागतो. प्रवासात मूळ ओळखपत्र बरोबर लागतंच. बरोबर जाणाऱ्या लेकाला सवलत नाही, त्याचं तिकीट पूर्ण.

वेळेबद्दल माझा आग्रह आहे. म्हाताऱ्या माणसाला सकाळी सात ते साडेनऊ आणि संध्याकाळी पाचच्या गाडीत घालू नका. त्या गाड्या पासवाल्या पोरापोरींच्या असतात. दारातच लोंबकळावं लागतं, आणि सवलत असली म्हणून जागा मिळतेच असं नाही. दवाखान्याचं काम असेल तर मुक्कामी गाडी पहाटे सुटते ती गाठा. ती गावातनंच निघते, त्यामुळं बसायला मिळतं. मधल्या थांब्यावर हात करण्यापेक्षा चार पावलं मागं चालून जिथनं गाडी सुटते तिथं जा. मागच्या चाकावरच्या सीटवर बसू नका, आपल्या रस्त्यांवर कंबर राहत नाही. रविवारी जोतिबा, अमावास्येला आदमापूर, पौर्णिमेला नृसिंहवाडी, या गाड्यांत म्हाताऱ्यांना एकटं पाठवू नका. देव दुसऱ्या दिवशीही तिथंच असतो.

आता मोफत द्यावं की नाही, यावर बोलतो, कारण पाराजवळ आणि गाडीत दोन्हीकडं हे ऐकून घेतलंय. ‘पेन्शनवाल्यांना कशाला फुकट?’ ‘म्हातारी माणसं उगाच हिंडतात.’ मला उगाच हिंडणारे फारसे दिसले नाहीत. लेकीच्या घरी जाणारी आई दिसली. डोळ्यांच्या ऑपरेशननंतर तपासायला निघालेला शेतकरी दिसला. भावाच्या तेराव्याला निघालेली, आणि वाटेत कुणालाही पैसे मागावे न लागलेली बाई दिसली. पैसे किती वाचले त्यापेक्षा, लेकाच्या खिशाकडं बघत उंबऱ्यात थांबावं लागलं नाही, हे त्या माणसांना मोठं होतं. पेन्शन असलेले कमी. शेतमजुरी केलेल्या, विडी वळलेल्या, घरकाम केलेल्या हातांना कसली पेन्शन? ज्यांना परवडतं त्यांनी पैसे देऊन पूर्ण तिकीट मागावं, कोणी अडवत नाही. त्यांच्यासाठी बाकीच्यांची सवलत काढू नये.

उलट माझं म्हणणं असं, की साध्या गाडीत तरी ६५ पासूनच मोफत करावं. कायद्यानं माणूस साठीला ज्येष्ठ होतो. २५ जानेवारी २०२५ पासून भाडं १४.९५ टक्क्यांनी वाढलं, ते अर्ध्या तिकिटवाल्या आबांच्याच अंगावर आलं. आणि दिलेली सवलत कायमची असते, असं समजू नका. रेल्वेत साठीच्या पुढच्या पुरुषांना ४० टक्के आणि अठ्ठावन्नच्या पुढच्या बायकांना ५० टक्के सूट होती. मार्च २०२० मध्ये ती बंद झाली.

पण गाडीच आली नाही तर शून्याच्या तिकिटाचं काय करायचं? वाडीवरची दुपारची फेरी बंद झाली की सगळ्यात आधी घरात अडकतो तो म्हातारा माणूस. पोरं मोटारसायकल काढतात. फेरी तोट्यात आहे असं उत्तर मिळतं. अशा वेळी ते डब्यातले कागद काढा. गावातल्या पंच्याहत्तरीच्या पुढच्या सगळ्यांची तिकिटं एकत्र करा. या कागदावरची शाई उडते, म्हणून मोबाईलवर फोटो काढून ठेवा. मग माहिती अधिकाराचा अर्ज करा, शुल्क दहा रुपये, उत्तराची मुदत तीस दिवस. प्रश्न एवढाच विचारायचा: या मार्गावर गेल्या वर्षात महिन्याला किती शून्य रकमेची आणि किती अर्धी तिकिटं निघाली? हा आकडा हातात आला की १५ ऑगस्ट किंवा २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत ठराव करा. ठरावात फेरीची नेमकी वेळ लिहा, ‘जादा गाडी मिळावी’ एवढं मोघम लिहू नका. दवाखान्याची वेळ, बाजाराचा दिवस, दोन्ही घाला. अर्ज आगार व्यवस्थापकांना आणि प्रत विभाग नियंत्रकांना द्या, आणि पोच घेतल्याशिवाय कार्यालयातनं बाहेर पडू नका. अर्ज द्यायला गावातल्या म्हाताऱ्या माणसांनाच घेऊन जा, आणि जाताना एस.टी.नंच जा, प्रत्येकानं तिकीट घेऊन.

गाडीत कोणी कार्ड असूनही पैसे मागितले, तर भांडू नका. तिकिटावरचा गाडी क्रमांक आणि वेळ लिहून घ्या आणि १८०० २२ १२५० या टोल फ्री नंबरवर किंवा स्टँडवरच्या वाहतूक नियंत्रकाकडं तक्रार नोंदवा. कंडक्टर लोकांनाही माझं सांगणं आहे: आज्जी कार्ड शोधत असली, तर पुढच्या सीटची तिकिटं काढून परत मागं या. तेवढ्यानं कुठलीही फेरी उशिरा पोचत नाही.